रशियाचं तेल, अमेरिकेचा कर आणि बडोद्यातला न झालेला ठराव

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात गणपती बसत होते आणि त्याच दिवशी भारतीय मालावर अमेरिकेचा जादा २५ टक्के आयातकर लागू झाला. आधीचा २५ टक्के ७ ऑगस्टपासून चालूच होता, बेरीज ५०. या दुसऱ्या हप्त्याचं कारण अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशातच लिहिलेलं होतं: भारत रशियाचं तेल विकत घेतो.

बहुतेक शहरांना ही बातमी एकाच बाजूने लागली. सुरतेला हिऱ्यांमुळे, तिरुपूरला होजिअरीमुळे. बडोद्याची गोष्ट वेगळी. इथे कोयलीला इंडियन ऑइलची रिफायनरी आहे, आणि रशियाचं तेल घेणाऱ्या मोठ्या भारतीय कंपन्यांपैकी इंडियन ऑइल एक. कोयलीपासून थोड्याच अंतरावर नंदेसरीची रासायनिक वसाहत. शिवाय मकरपुरा, सावली, पादरा या पट्ट्यात परदेशी माल पाठवणारे लहानमोठे कारखाने. ज्या तेलासाठी दंड बसला त्या तेलाच्या धंद्यातली माणसं आणि तो दंड सोसणारी माणसं एकाच गावात राहतात, पुष्कळदा एकाच सोसायटीत. वडील रिफायनरीतून निवृत्त आणि मुलगा रंगद्रव्यांच्या कारखान्यात निर्यातीचं काम बघतो, अशी घरं मला माहीत आहेत.

अशा गावात परराष्ट्र धोरणावर जाहीर चर्चा घडवणाऱ्या, सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका मराठी अभ्यासमंडळापुढे त्या महिन्यात जो पेच आला, त्याचं हे प्रकरण. मी त्या वेळी कार्यकारिणीवर होते. मंडळाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. कारण पुढे कळेलच.

मंडळ कसं आहे

निवृत्त प्राध्यापक, रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल्समधून निवृत्त झालेले अभियंते, बँकेतली माणसं, काही कारखानदार, विद्यापीठातली थोडी मुलंमुली. सुरुवात मराठी घरांमधून झाली, पण आता गुजराती सभासदही बरेच आहेत आणि सभा मराठी, गुजराती, अडलं तर इंग्रजी अशी चालते. महिन्याला एक बैठक. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिकणारी मुलं २०२२ साली परत आणली गेली तेव्हा त्यांना बोलावून झालेली बैठक लोकांच्या अजून लक्षात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ आणि नरेंद्र मोदी यांनी सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन बडोद्यात केलं, त्यानंतर संरक्षण-उत्पादनावर एक झाली. भारताने मागवलेल्या ५६ पैकी ४० विमानं इथे जुळणार आहेत, त्यामुळे हॉल भरला होता.

मंडळाच्या घटनेत एक कलम आहे. मंडळ संस्था म्हणून परराष्ट्र धोरणाच्या कुठल्याही प्रश्नावर मत देणार नाही. मत सभासदाचं, ज्याचं त्याच्या नावावर. हे कलम घालणारे आमचे संस्थापक राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि ते त्यांनी हवेतून आणलं नव्हतं.

१९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत ब्रिटन आणि अमेरिकेच्या शिष्टमंडळांतल्या तज्ज्ञांना एक गोष्ट जाणवली: युद्ध आणि तह यांचे निर्णय ज्यांच्या आयुष्यावर पडतात त्यांना त्यातलं काही ठाऊक नसतं, आणि जे ठाऊक असतं ते सरकारी कपाटात. त्यातून १९२० साली लंडनची संस्था निघाली, जिला आज सगळे चॅटम हाउस म्हणतात, आणि १९२१ साली न्यूयॉर्कची कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स. दोन्ही सभासदांच्या. दोन्हींनी सुरुवातीपासून एक पथ्य पाळलं की संस्थेचं स्वतःचं मत असणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या तशाच संस्थेनेही हेच पथ्य घेतलं. त्यामागचं कारण व्यवहारी आहे. संस्था एका बाजूची झाली की दुसऱ्या बाजूचा माणूस पुढच्या सभेला येत नाही, आणि मग चर्चेचं नुसतं नाव उरतं.

आपल्याकडे १९४३ साली तेजबहादूर सप्रू आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स स्थापन झाली. कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात १९०५ साली स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. सार्वजनिक प्रश्नाचा आधी अभ्यास, मग भाषण ही शिस्त त्यांच्याकडे तिथून आलेली. देशाला स्वतःचं परराष्ट्र धोरण नव्हतं तेव्हा या बिनसरकारी संस्थेने त्याचा विचार सुरू केला. मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला पाच महिने असताना, दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरली ती याच संस्थेच्या वतीने. पुढे २००१ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली आणि उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष झाले. आमचे प्राध्यापक हा शेवटचा टप्पा मुद्दाम सांगत. सभासदांची वर्गणी आटली की संस्था कुणाच्या तरी आधाराला जाते, आधार सरकारचा असो की शेटजींचा, असं ते म्हणत. म्हणून वर्गणी कमी ठेवा पण प्रत्येकाकडून घ्या, हा त्यांचा आग्रह.

मागणी

अनंत चतुर्दशीच्या आधीच दोन पत्रं आली.

पहिलं नंदेसरी-मकरपुऱ्याच्या कारखानदार सभासदांचं. ऑर्डरी थांबल्यात, न्यूजर्सीचा गिऱ्हाईक म्हणतो अर्धा कर तुम्ही सोसा, दिवाळीच्या आत पाळी कमी करावी लागेल. तेव्हा मंडळाने सभा घेऊन ठराव करावा की केंद्र सरकारने रशियाच्या तेलाची खरेदी कमी करून अमेरिकेशी तडजोड करावी. ठरावाची प्रत खासदारांना आणि परराष्ट्र मंत्रालयाला जावी.

दुसरं पत्र त्याच आठवड्यातलं. सूचक रिफायनरीतून निवृत्त झालेले एक काका. त्यांची मागणी बरोबर उलटी: अमेरिकेच्या दडपशाहीचा निषेध करणारा ठराव. त्यांनी लिहिलं होतं की १९६३ च्या मे महिन्यात नेहरूंनी कोयलीची पायाभरणी केली तेव्हा तंत्रज्ञान द्यायला सोव्हिएत संघ उभा राहिला, पाश्चात्त्य कंपन्या नाही. आणि ज्या अमेरिकेने आज दंड लावला ती स्वतः रशियाकडून युरेनियम, पॅलॅडियम, खतं घेते. शेवटचा मुद्दा ४ ऑगस्टला आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही मांडला होता.

पहिल्या पत्राबरोबर एक प्रस्तावही होता. एका उद्योगसमूहाने मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. अट लेखी नव्हती. पण निरोप घेऊन आलेल्या गृहस्थांनी आमच्या अध्यक्षांना सांगितलं, ‘सर, सभेतून काहीतरी निघायला हवं. नुसती चर्चा करून माणसं घरी गेली तर आमच्या लोकांना मी काय सांगू?’

त्या गृहस्थांबद्दल मला आजही आदर आहे. त्यांच्या कारखान्यातली माणसं त्यांना नावानिशी माहीत आहेत. ते मंडळ विकत घ्यायला आले नव्हते; बुडताना हाताला लागेल ते धरावं तशी त्यांची स्थिती होती. पेच होता तो म्हणूनच. समोर दांडगाई असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

कार्यकारिणीची रात्र

बैठक लांबली. तीन मतं पडली.

एक मत: विषयच घेऊ नये. वातावरण तापलेलं आहे, सभासद तुटतील, नवरात्रानंतर बघू. याला सर्वांत जास्त डोकी हलली, आणि मला सर्वांत जास्त भीती याच मताची वाटली. संस्थेचं मत नाही हे कलम हातात असलं की त्याच्या आड लपणं फार सोयीचं होतं. आम्ही तटस्थ आहोत म्हणून आम्ही बोलतच नाही. मग मालदीव, आफ्रिका, हवामान बदल असे कुणालाच न दुखणारे विषय वर्षभर चालतात आणि गावाला ज्या दिवशी चर्चेची गरज असते त्या दिवशी हॉलला कुलूप असतं. माझ्या मते ते कलम पाळायचं असेल तर त्याची किंमत एकच आहे: सर्वांत दुखरा विषय सर्वांत आधी घ्यायचा.

दुसरं मत: ठराव करू, पण बहुमताने, आणि विरोधी मताची नोंद ठेवू. ऐकायला लोकशाहीचं वाटतं. पण सभासदांपैकी सभेला येणार किती? त्या दिवशी ज्या बाजूची माणसं जास्त, तो ठराव मंडळाचा. वर्तमानपत्रात ‘बडोद्याच्या अभ्यासमंडळाची मागणी’ एवढंच छापून येणार.

तिसरं मत कोषाध्यक्षांचं. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या ताई, बोलतात कमी. त्यांनी जमाखर्च समोर ठेवला आणि म्हणाल्या, ‘पैसे घेतले तर पुढच्या वर्षी वर्गणी कोण भरेल? आणि वर्गणी नाही तर सभासद कशाचे?’ त्यांच्या त्या वाक्यानंतर देणगीचा विषय संपला. देणगी नम्रपणे नाकारायची, हॉल आणि चहा वर्गणीतून, असं ठरलं.

ठरावाचं काय करायचं, यावर अमेरिकेतलाच एक जुना नमुना कामी आला. तिथल्या फॉरेन पॉलिसी असोसिएशनचा ग्रेट डिसिजन्स हा उपक्रम १९५४ पासून चालतो. वर्षाला ठरावीक विषय निवडतात, प्रत्येकावर एक वाचनपुस्तिका, लोक ग्रंथालयात, चर्चमध्ये, घरच्या बैठकीत जमून ती वाचतात, वाद घालतात आणि शेवटी मतपत्रिका भरतात. मतपत्रिकांची बेरीज सरकारपर्यंत जाते. संस्था स्वतः काही म्हणत नाही. नागरिक काय म्हणतात ते मोजून पुढे ठेवते. आम्ही ठरवलं की ठराव नाही, पण मतनोंद करायची. चर्चेआधी एकदा, चर्चेनंतर एकदा, नाव न लिहिता, आणि दोन्ही वेळा कारण लिहायचं. कारणाशिवायचं मत मोजायचं नाही.

तारीख पितृपक्षातल्या रविवारची धरली. पितृपक्षात लग्नकार्यं नसतात, हॉल मिळतो. पुढे २२ सप्टेंबरपासून नवरात्र, आणि बडोद्यात गरब्याच्या दिवसांत सभेला कोणी येत नाही.

टिपण

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सभेच्या आधीचं काम. चार पानांचं वाचनटिपण, मराठीत आणि गुजरातीत. ते लिहायला दोन्ही पत्रांच्या सह्या करणाऱ्यांतून एकेक माणूस घेतला, वर विद्यापीठातली एक संशोधक मुलगी. नियम एवढाच की टिपणात जे विधान जाईल ते दोघांनाही मान्य हवं. मतं नाही, विधानं.

त्यासाठी आधी एक बंद बैठक घेतली, चॅटम हाउसच्या नियमाखाली. हा नियम १९२७ सालचा आहे आणि तो गुप्ततेचा आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. बैठकीत कळलेली माहिती वापरायला मोकळीक असते. फक्त ती कोणी सांगितली आणि कोण कोण हजर होतं, हे बाहेर सांगायचं नाही. कारखानदाराला आपल्या ऑर्डरबुकाची खरी अवस्था सांगायची असेल तर त्याला ही हमी लागतेच, नाहीतर उद्या बँक दारात. निवृत्त झालेल्या माणसालाही जुन्या कंपनीविषयी बोलताना अवघड जातं. म्हणूनच या लेखात नावं नाहीत.

त्या बैठकीत दोन्ही बाजूंच्या काही पक्क्या समजुती उतरल्या.

कारखानदारांना वाटत होतं की रशियाचं तेल थांबवलं की कर जाईल. टिपणात स्पष्ट लिहावं लागलं की तेलासाठीचा कर २५ टक्केच होता. पहिला २५ टक्के व्यापारतुटीच्या नावाने लावलेला होता आणि तो तेल सोडूनही राहणार होता. शिवाय औषधं आणि पेट्रोलियम पदार्थ या करातून वगळलेले होते. म्हणजे कोयलीतून निघणाऱ्या मालाला झळ नव्हती, शेजारच्या रंगद्रव्यांना आणि मकरपुऱ्याच्या इंजिनिअरिंग मालाला होती. हे वाक्य टिपणात आलं तेव्हा रिफायनरीवाले काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे टिपणात जाऊ दे. हे खरं आहे.’

काकांच्या बाजूचीही एक समजूत होती, की रशियाचं तेल म्हणजे अजूनही फुकटासारखं. २०२२ साली ते खरं होतं. युद्ध सुरू झाल्यावर जगात कच्च्या तेलाचा भाव बॅरलला १२० डॉलरच्या वर गेला होता, आणि पाश्चात्त्य गिऱ्हाईक गेल्यामुळे रशिया मोठी सूट देत होता. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता, तो एक-तृतीयांशाच्या वर गेला. डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने रशियन तेलाच्या भावावर बॅरलला ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली, म्हणजे तेल वाहू द्या पण रशियाला कमी मिळू द्या, असा तो हिशेब. भारताच्या खरेदीला तेव्हा कुणी अडवलं नव्हतं. पण २०२५ च्या सप्टेंबरात जागतिक भावच साठीच्या घरात होता आणि सूट काही डॉलरवर आलेली होती. रशिया सोडण्याची किंमत २०२२ इतकी राहिलेली नव्हती.

मग प्रश्न आला की रिफायनरीला एका तेलावरून दुसऱ्यावर जाता येतं का. इथे काका रंगले. कोयली १९६५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तिची सुरुवातीची आखलेली क्षमता वर्षाला २० लाख टन होती आणि तेल यायचं अंकलेश्वरचं, आपल्या अंगणातलं. २०२५ साली क्षमता १३७ लाख टन होती आणि आयात केलेलं तेल कच्छच्या आखातातून पाइपलाइनने येतं. रशियाचं उरल तेल मध्यम जड, गंधकयुक्त. आखाती देशांची बरीच तेलं त्याच जातीची. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतून दिलेली सवलत काढून घेतली तेव्हा आपण इराणचं तेल बंद केलं, रिफायनऱ्या चालूच राहिल्या. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जमतं. पण, काका म्हणाले, इराणचं उदाहरण दोन्हीकडून वाचता येतं. एकदा ऐकलं की पुन्हा सांगतात. आज रशिया, उद्या आणखी कुणी.

यावर कारखानदारांच्या बाजूच्या लेखकाने जे उत्तर दिलं ते टिपणात जसंच्या तसं गेलं: स्वायत्तता सगळ्या देशाची असेल तर तिचा खर्चही सगळ्या देशाने वाटून घ्यावा, तो नंदेसरीच्या पाळी कामगाराच्या एकट्याच्या पगारातून निघू नये.

मला वाटतं या वादातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य होतं. ते कुठल्याच ठरावाच्या मसुद्यात नव्हतं. दोन विरुद्ध माणसं एका टेबलाशी बसून, एकमेकांची विधानं तपासत राहिली तेव्हाच ते निघालं.

एक मुद्दा मात्र सुटला नाही. भारत बाजूला झाला तर जगात तेल महागेल का? आपण रोज दीड दशलक्ष बॅरलहून जास्त रशियन तेल घेत होतो. तेवढं बाजारातून गेलं तर भाव चढणार असं एकाचं म्हणणं, ते दुसऱ्या वाटेने चीनला जाईल असं दुसऱ्याचं. चीन आपल्याहून जास्त घेत होता आणि त्याला असा दंड नव्हता, हे दोघांनाही मान्य. त्या प्रश्नाच्या जागी टिपणात दोन उत्तरं शेजारी शेजारी छापली.

सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला आणून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं, त्या गावात सभेला येण्याआधी चार पानं वाचून या असं सांगणं जड जाऊ नये, असं संशोधक मुलगी म्हणाली. बऱ्याच जणांनी वाचून आणलं होतं. रेघा मारून.

सभा

सभा सर्वांना खुली होती. दारातच पहिली मतपत्रिका. मग दोन्ही बाजूंचे दोन-दोन वक्ते, आणि उरलेला सगळा वेळ श्रोत्यांना. अध्यक्षांनी एकच गोष्ट कडक ठेवली: बोलणाऱ्याने टिपणातल्या कुठल्या विधानाबद्दल बोलतोय ते आधी सांगायचं.

काही क्षण कठीण गेले. एका तरुणाने विचारलं की तेलाचा फायदा झाला म्हणता, पण पंपावर माझ्या पेट्रोलचा भाव तर उतरला नाही, तो फायदा गेला कुठे? समोर बसलेल्या जुन्या अभियंत्यांकडे याचं पूर्ण उत्तर नव्हतं. २०२२ साली कंपन्यांनी महाग तेल स्वस्तात विकून तोटा सोसला, तो पुढे भरून काढला, एवढं त्यांनी सांगितलं. तरुणाचं समाधान झालं नाही. एका गुजराती बेननी सांगितलं की त्यांची शिलाई आणि भरतकामाची छोटी निर्यात आहे, त्यांचं नाव कुठल्याच वसाहतीच्या यादीत नाही, आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या बायकांना रशिया कुठे आहे हेही सांगता येणार नाही. त्यांना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण नंतरच्या चारपाच वक्त्यांनी आपलं बोलणं त्यांच्यापासून सुरू केलं.

एका वक्त्याने विरोधी बाजूला ‘अमेरिकेचे वकील’ म्हटलं. अध्यक्षांनी थांबवलं आणि शब्द मागे घ्यायला लावला. घेतला.

बातमीदार होते. शेवटी त्यांनी सचिवांना विचारलं, मंडळाचं म्हणणं काय? सचिवांनी टिपण आणि मतनोंदीचा कागद दिला. दुसऱ्या दिवशी बातमी छोटी आली. ठराव असता तर मोठी आली असती, हे नक्की.

मतनोंदीबद्दल एवढंच सांगते. बाजू बदललेली माणसं थोडी. बदलली ती कारणं. आधीच्या कागदांवर ‘मित्रराष्ट्र’, ‘स्वाभिमान’, ‘धंदा बुडतोय’ असे एकेक शब्द होते. नंतरच्या कागदांवर अटी आल्या: खरेदी कमी करावी पण करार हातात आल्यावर, खरेदी चालू ठेवावी पण झळ बसलेल्या कारखान्यांना व्याजात सवलत देऊन, टप्प्याटप्प्याने, आखाती देशांशी दीर्घ मुदतीचे करार करून. निषेधाच्या बाजूच्या काही कागदांवरही नुकसानभरपाईचा मुद्दा होता. हे सगळं एकत्र करून, नावांशिवाय, खासदार कार्यालयाला आणि मंत्रालयाला पाठवलं.

नंतर

देणगीचा प्रस्ताव आणणारे गृहस्थ सभासदत्व सोडून गेले. भांडण झालं नाही. त्यांनी अध्यक्षांना फोन करून सांगितलं की त्यांना ज्याची गरज आहे ते मंडळ देऊ शकत नाही. ते खरंही होतं. दबाव आणणं हे व्यापारी संघटनांचं काम आहे, आणि ते करणारी संघटना गावात हवीच. आमचं काम तिच्या अलीकडचं, आणि दोन्ही कामं एकाच संस्थेने केली तर दोन्ही बिघडतात. तरी एक चांगला सभासद गेला याचं मला वाईट वाटतं आणि ते वाटणं मी झाकत नाही.

१९ सप्टेंबरला एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं आणि बडोद्यातल्या घरोघरचा विषय रातोरात बदलला. २२ ऑक्टोबरला अमेरिकेने रोसनेफ्ट आणि लुकऑइल या रशियाच्या दोन सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांवर थेट निर्बंध घातले. तेल घ्यावं की नाही या प्रश्नाचा निम्मा भाग त्यानंतर ‘कुणाकडून, कुठल्या बँकेतून, कुठल्या जहाजाने’ असा झाला. सप्टेंबरात कुठलाही ठराव केला असता, या किंवा त्या बाजूचा, तर दिवाळीपर्यंत तो शिळा झाला असता आणि मंडळ त्याचं समर्थन करत बसलं असतं. टिपणाला मात्र एक पुरवणी जोडून भागलं.

सर्वसाधारण सभेत कलमावर पुन्हा चर्चा झाली. मत न देण्याचं कलम राहिलं, पण त्याला दुसरा भाग जोडला गेला: ठरावीक संख्येने सभासदांनी लेखी मागणी केली तर कार्यकारिणीला तो विषय टाळता येणार नाही, जाहीर सभा घ्यावीच लागेल, आणि टिपण दोन्ही बाजूंच्या सहीचं असेल. ‘नवरात्रानंतर बघू’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी याच्या विरोधात मत दिलं. त्यांचं म्हणणं की यामुळे कार्यकारिणीचे हात बांधले जातात. हो, बांधले जातात, आणि ते बांधलेले असावेत असंच मला वाटतं.

पुढचं टिपण युरोपवर ठरलं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने आपल्याच किनाऱ्यावरच्या वाडीनारच्या नायरा रिफायनरीवर निर्बंध घातले आणि रशियन कच्च्या तेलापासून बनलेले पदार्थ २१ जानेवारी २०२६ पासून घ्यायचे नाहीत असं ठरवलं. म्हणजे अमेरिकेच्या वेळी जे पेट्रोलियम पदार्थ करातून सुटले होते, ते युरोपच्या नियमात सापडले. ते टिपण काका आणि मकरपुऱ्याचे एक तरुण कारखानदार मिळून लिहिणार आहेत. गुजराती अनुवादाचा आणि छपाईचा खर्च सध्याच्या वर्गणीत बसत नाही. वर्गणी वाढवावी की टिपणाला किंमत लावावी, यावर कार्यकारिणीत अजून एकमत झालेलं नाही.